पिकलेले पाणी

मिठागरात उतरण्यापूर्वी वहाणा बांधावर काढून ठेवाव्या लागतात. हे मला पहिल्याच दिवशी मामाने सांगितले, आणि सांगण्याचा सूर देवळाच्या पायरीवरचा नव्हता. नुकत्याच सारवलेल्या अंगणात चिखलाचे पाय घेऊन शिरणाऱ्या पोराला घरची बाई ज्या सुरात दाराशीच अडवते, तो होता. “चपला हंयच काड गो. तुझ्या टाचेचो वण म्हयनाभर ऱ्हवतलो,” तो म्हणाला. मी पुण्याहून गेलेली, चाळिशी ओलांडलेली बाई. तरी त्या ‘गो’मुळे एकदम दहा वर्षांची झाले आणि मुकाट्याने अनवाणी उतरले. घोट्याच्याही खाली राहील इतकेच पाणी, उन्हाने कोमट झालेले, आणि त्याखाली सिमेंटच्या ओट्यासारखी घट्ट, गुळगुळीत काळी माती. पहिली चार पावले सुखाची होती. पाचव्या पावलाला तळव्याखाली काहीतरी कुरकुरले, आणि सकाळी विळीवर कापलेल्या बोटाचा मला विसर पडला होता, तो पाण्यात हात घालताच गेला.

हे मिठागर शिरोड्याचे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात, गोव्याच्या हद्दीपासून अगदी जवळ हे गाव आहे. शेजारी आरवली, तिथल्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण देव रात्रभर गावाची राखण करत हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. देवाला वहाणा आणि मिठाला अनवाणी पाय, अशी एकमेकांना लागून असलेल्या दोन गावांची वाटणी मला मोठी गमतीची वाटली. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी आजोळी जात असू, पण मिठागरावर पोरांना मज्जाव होता. आता कळते की तो आमच्या काळजीपोटी नसून वाफ्यांच्या काळजीपोटी होता. चाळीस वर्षांनी तीन आठवड्यांची रजा काढून मी मुद्दाम हंगामाच्या अखेरीस गेले, आणि रोज मामाच्या मागे मागे फिरून त्याला बऱ्यापैकी त्रास दिला.

मीठ ‘तयार करतात’ किंवा ‘काढतात’ असे मी म्हणे. मामा दर वेळी ते दुरुस्त करी. मीठ पिकते. तो ‘पीक’ म्हणतो, ‘वाफा’ म्हणतो, ‘यंदा पीक बरे आले’ म्हणतो. ज्या जागेत ते येते तिला मराठीत आगर म्हणतात आणि नारळी-पोफळीच्या बागेलाही आगरच म्हणतात. उत्तर कोकणातल्या आगरी समाजाचे नाव या शब्दावरून आले असे मानतात, आणि कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांच्या नावातही हाच शब्द ऐकू येतो. तेव्हा भाषेपुरते पाहिले तर मीठ ही सरळसरळ शेती आहे. तिच्यात बी तेवढे नाही. काही पेरायचे नाही, काही उगवायचे नाही. जे हवे आहे ते पहिल्या दिवसापासून पाण्यात हजर आहे, आणि सहा महिन्यांचे सगळे कष्ट त्याच्या आजूबाजूचे नको असलेले दूर करण्याचे आहेत. “आमी मीठ करणव नाय गो, आमी राखतंव,” हे मामाचे वाक्य मी आल्या दिवशी नुसते ऐकले. ते कळायला पुढचे वीस दिवस लागले.

राखण्याची सुरुवात दिवाळीच्या आसपास होते. पावसाळाभर मिठागरात गोडे पाणी साचलेले असते. ते उघाडीवाटे ओहोटीला बाहेर सोडायचे. उघाडी म्हणजे खाडी आणि आगर यांच्यामधल्या बांधातले लाकडी दार. गोव्यात यालाच मानस म्हणतात. पाणी गेले की खाली उरतो तो बुळबुळीत गाळ. तो फावड्याने खरवडून बांधावर चढवायचा, म्हणजे वाफाही साफ होतो आणि पावसाने खचलेला बांधही भरून निघतो. मग उरलेली माती पायांनी तुडवायची. तुडवून झाली की जरा सुकू द्यायची, पुन्हा खारे पाणी शिंपडायचे, पुन्हा तुडवायची, आणि शेवटी मातीची जमीन जशी चोपण्याने चोपतात तशी ओळीने, एकही हात न चुकवता चोपायची. असे अनेकदा. जमीन चोपून पक्की झाली नाही तर दोन गोष्टी होतात: पिकत आलेले पाणी खाली जिरते आणि मीठ ओढताना त्याबरोबर माती येते. काळपट मिठाला भाव नाही. म्हणून मामाचे वाफे पाहिले की मला आजीचे खळे आठवले, जिथे सांडलेला तांदळाचा दाणा न् दाणा वेचता येत असे. टाचेच्या खुणेचा मुद्दा तेव्हा नीट पटला.

पाणी कधी घ्यायचे हे चंद्र ठरवतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला खाडी सर्वांत जास्त चढते. तेव्हाच उघाडी वर करून पहिल्या, सर्वांत मोठ्या साठवणीत पाणी भरून घेतात आणि ते पंधरवडाभर पुरवतात. भरतीच्या वेळेसाठी मामाला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. किनाऱ्यावरच्या माणसाला हा हिशोब शिकवावा लागत नाही. मी एकदा शहाणपणा करून मोबाइलवर भरतीचे कोष्टक काढून दाखवले. मामाच्या वेळेत आणि त्यात साधारण अर्ध्या तासाचा फरक होता. “बरा आसा तुझा यंत्र,” एवढे म्हणून तो उघाडीकडे गेला, आणि गेला तो स्वतःच्याच वेळेला. तेथे पोहोचलो तेव्हा पाणी नुकते दाराला टेकत होते. मी मोबाइल खिशात घातला.

पहिल्या साठवणीतून पाणी दुसऱ्या, उथळ जागेत येते. ठाणे जिल्ह्याच्या बाजूला तिला तापवणी असा अगदी नेमका शब्द आहे, कारण तिथे पाणी फक्त तापत पडते. तिथून पुढे एकीतून दुसरीत, असे ते उतारावरून सरकत जाते. पंप नाही, जमिनीचा उतार इतका बेमालूम की डोळ्याला दिसत नाही, पण पाण्याला कळतो. मधल्या बांधाला हाताचा पंजा जाईल एवढी भोके असतात आणि ती चिखलाच्या गोळ्याने बुजवलेली असतात. गोळा काढला की पाणी जाते, लावला की थांबते.

आता थोडा हिशोब. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, आणि त्यातले आपण ज्याला मीठ म्हणतो ते 27 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो मिठासाठी निदान 37 लिटर पाणी हवे. पण खरा विस्मय पुढे आहे. दहा घागरी समुद्राचे पाणी उन्हात ठेवले, तर त्यातल्या नऊ घागरी आभाळात गेल्याशिवाय मिठाचा पहिला कण दिसत नाही. त्या नऊ घागरी जाताना आधी चुन्याचा अंश खाली बसतो, त्यामागून जिप्सम, म्हणजे ज्यापासून प्लॅस्टर करतात ते, आणि हे दोन्ही तापवणीतच बसायला हवेत, मिठाच्या वाफ्यात येता कामा नयेत. मग मिठाची पाळी. आणि मीठ बसू लागल्यावरही पाणी तसेच आटू दिले, तर शेवटी मॅग्नेशियमचे क्षार येतात, जे कडू जहर असतात. म्हणून ते शेवटचे कडू पाणी मिठावर सुकू न देता बाहेर काढून टाकायचे. समुद्र आपल्या पोटातल्या वस्तू अशा ओळीने, एकेक करून खाली ठेवतो. माणसाने त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, इतकेच काम. मामाने ‘राखतंव’ म्हटले होते ते हेच.

कारखान्यात हे सगळे बोमे नावाच्या मापाच्या काचेच्या नळीने मोजतात. समुद्राचे पाणी तिच्यावर साडेतीन अंशांच्या जवळपास असते आणि पंचविसाच्या पुढे गेले की मीठ पडू लागते. मामाकडे ती नळी आहे. घरात, फळीवर, कापडात गुंडाळून ठेवलेली. रोजच्या कामाला तो वाफ्याच्या कडेला उकिडवा बसतो, अंगठा आणि तर्जनी पाण्यात बुडवतो आणि एकमेकांवर घासतो. कच्चे पाणी नुसते ओले लागते. पिकलेले पाणी तेलकट लागते, बोटे एकमेकांवरून सरकतात. मला पहिले आठ दिवस सगळेच पाणी तेलकट वाटले. नवव्या दिवशी एका वाफ्यापाशी फरक एकाएकी हाताला कळला, अगदी पाक एकतारी झाला की जसा कळतो तसा, आणि मी हे मामीला सांगितल्यावर ती म्हणाली की तिलाही ते तसेच, पाकावरूनच समजले होते. रंगावरूनही समजते. घट्ट होत गेलेले पाणी काही वाफ्यांत लालसर, गुलाबी झाक घेते. इतक्या खाऱ्यात दुसरे काही जगत नाही, पण काही सूक्ष्म शेवाळ आणि जिवाणू मजेत जगतात, आणि तो रंग त्यांचा.

वाऱ्याचे महत्त्व मला ठाऊकच नव्हते. मी उन्हाकडे पाहत होते. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती काढून बाणांची तोंडे उलटी केल्याबद्दल मी मार खाल्ला आहे; तेच वारे इथे रोजच्या बोलण्यात होते. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई कोरडा असतो आणि पाणी भराभर उचलतो. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा दमट, पण चालता असला तरी चालतो. वारा मुळीच पडला की मात्र कठीण. अशा निपचित दुपारी पाण्याच्या पृष्ठावर मिठाचे पातळ पापुद्रे तरंगू लागतात. एक पापुद्रा मी करवंटीत उचलून घेतला. नखाएवढ्या आकाराचा चौकोनी, आतून पोकळ, पायऱ्या पायऱ्यांचा उलटा मनोरा होता. एखाद्या हेमाडपंती देवळाचे शिखर कुणी उलटे करून पाण्यावर सोडावे तसा. फार देखणा. मामाला दाखवला तर त्याने कपाळाला आठ्या घातल्या. पापुद्रा धरला की खालचे पाणी झाकले जाते आणि मीठ पिकायचे थांबते. त्याने लांब दांड्याची फळी घेतली आणि एका हाताने त्या सगळ्या शिखरांचा चुरा केला. बुडालेला चुरा मग तळाशी खड्याला लागतो.

फळी हेच इथले मुख्य अवजार. दोन-अडीच माणसे उंचीचा बांबू आणि टोकाला आडवी बसवलेली लाकडी फळी. सकाळी तिने पाणी ढवळायचे, म्हणजे तळाशी मिठाचा एकसंध थर न धरता खडे सुटे राहतात, आणि दुपार कलली की मीठ ओढायचे. ओढणारा बांधावर उभा राहतो. बांबू पुढे फेकायचा, फळी तळाला टेकवायची पण रुतवायची नाही, आणि अंगाकडे ओढत आणायची. फळी जरा जास्त दाबली तर माती येते, कमी दाबली तर मीठ मागे राहते. ओढताना होणारा आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता: पाण्याखाली खडे एकमेकांवर घासतात तेव्हा ओल्या वाळूचा होतो तसा, पण त्याला बारीक काचेची किणकिण असते. मामाचे हात सत्तरीकडे झुकलेले आहेत. तो घाई करत नाही. एक ओढ, मग किंचित थांबा, मग पुढची, आणि दर ओढीला राखाडी पाण्यातून एक पांढरी लाट त्याच्या पायांशी येऊन थांबते. वाफ्याच्या कडेला मिठाची ओळ लागते. ती बांधावर ओढून तिचे लहान लहान ढीग करतात आणि रात्रभर निथळत ठेवतात. मी अर्धा वाफा ओढला. दुसऱ्या दिवशी मला वेणी घालता येईना.

माझ्या हातून एक नुकसानही झाले, ते सांगायला हवे. बाराव्या की तेराव्या दिवशी मामाने मला मोठ्या विश्वासाने एका भोकाचा गोळा काढून घटकाभर पाणी सोडायला सांगितले आणि तो दुसऱ्या टोकाला गेला. मी गोळा काढला. पाणी जाऊ लागले. तेवढ्यात पलीकडच्या बांधावर शेकाट्यांची जोडी उतरली, लालभडक काडीसारखे लांब पाय, आणि मी ते पाहत उभी राहिले. पाय एवढे लांब की पक्षी पाण्याला लागतच नव्हता. गोळा पुन्हा लावायचा राहूनच गेला. कच्चे पाणी पिकलेल्या वाफ्यात रात्रभर जात राहिले, आणि सकाळी पाहतो तर दुसऱ्या दिवशी ओढायला तयार असलेला वाफा नुसता गढूळ आरसा झालेला होता. मीठ परत पाण्यात गेले होते. मामा रागावला नाही. तो उकिडवा बसला, बोटे घासली, आणि म्हणाला की अजून चार-पाच दिवस. मला रागावलेला चालला असता. तीन-चार जणांच्या चार दिवसांच्या कामाची किंमत मी मनातल्या मनात काढली आणि ती त्याला विचारण्याचे धैर्य काही झाले नाही.

सकाळी वाहतूक असते आणि ती बायकांची. निथळलेले ढीग टोपल्यांत भरून, डोक्यावर चुंबळ ठेवून, हातभर रुंदीच्या बांधावरून मुख्य राशीपर्यंत न्यायचे. बांध रात्रीच्या दवाने निसरडा असतो आणि दोन्ही बाजूंना मीठ पिकत असते, म्हणजे घसरले तर स्वतःचेही आणि वाफ्याचेही नुकसान. ओले मीठ फार जड. टोपलीच्या फटींतून खारे पाणी मानेवर, पाठीवर ठिबकते आणि वाळले की पांढरी रेघ उमटते. मामीच्या पोलक्यावर पाठीमागे अशा रेघांचे नकाशे आहेत, जे धुऊन जातात आणि पुन्हा येतात. हातापायांच्या भेगांना खोबरेल तेल लावतात. काम सूर्य डोक्यावर यायच्या आत संपवायचे, कारण नंतर उन्हाची तिरीप पांढऱ्या राशीवरून उलटी डोळ्यांत येते. छायाचित्रे काढायला येणारी मंडळी नेमकी तेव्हा येतात. मिठागराची बहुतेक छायाचित्रे मी पाहिली आहेत ती बांधावरून चालणाऱ्या बाईची, मागे सूर्य. चुंबळीखाली मान कशी धरावी लागते ते त्यांत दिसत नाही.

शिरोड्याचे मिठागर इतिहासात आहे. 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलल्यानंतर देशभर जे सत्याग्रह झाले, त्यांत मे महिन्यात शिरोड्याचा झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून सत्याग्रही येथे आले, मिठागरावर चालून गेले आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. त्याच महिन्यात धारासणा झाले, मुंबईत वडाळ्याच्या आगरांवर लोकांचे लोंढे गेले. गावाला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. मला मात्र तिथे उभे असताना दुसरीच गोष्ट आठवत राहिली. सत्याग्रहींनी मूठभर मीठ उचलले, तेव्हा ते कुणीतरी आदल्या दुपारी ओढून ठेवलेले होते. मे महिना म्हणजे पिकाचा ऐन भर. त्या दिवशी किती वाफे तुडवले गेले असतील, आणि संध्याकाळी ते पुन्हा चोपायला कोण बसले असेल? मामाच्या आजोबांच्या वेळची गोष्ट आहे, पण घरात त्याबद्दल काही ऐकीव नाही. जवळच्या गोव्यात त्याच्याही आधी, 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत झालेल्या करारामुळे तिथले मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. तो करार 1892 मध्ये संपला, पण मिठावर पोट असणाऱ्या मिठगावड्यांना तो बराच जाचला. मिठावरचा कर 1947 मध्ये गेला. तोवर, ज्याला कोणी पेरत नाही अशा पिकावरही सारा होता.

आणि कागदावर ते पीक नाहीच. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीत आहे, चौदाव्या नोंदीत. मीठ केंद्राच्या सूचीत, अठ्ठावन्नाव्या नोंदीत, आणि तिथे शब्द आहे तो निर्मितीचा. मामाच्या दृष्टीने हा शब्द फक्त पाऊस आला की महत्त्वाचा होतो. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आंबा, माड, घरांची छपरे यांची नोंद करायला माणसे आली. मिठागरात कमरेएवढे गोडे पाणी उभे होते आणि त्याखाली हंगामाचे शेवटचे ओढणे विरघळून गेले होते. मामा एका कचेरीत अर्ज घेऊन गेला. तिथे त्याला विचारले की पीक कोणते, आणि त्याने मीठ म्हटल्यावर टेबलामागचा माणूस हसला. हे तुमच्याकडे नाही, तिकडे विचारा, असे सांगून त्याला दुसरीकडे पाठवले, आणि दुसरीकडून पहिल्याकडे. हे सांगताना मामा स्वतःही हसत होता. सवय झाली म्हणाला. पूर्वी अवकाळी पाऊस आठ-दहा वर्षांनी एकदा येई, आता तो जवळजवळ दर हंगामाला एकदा तरी डोकावतो, असे त्याचे म्हणणे आहे, आणि आकाशाच्या बाबतीत मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

बाजाराची अडचण वेगळी आहे आणि तीत कुणा एकाला दोष देता येत नाही. आयोडिनाच्या अभावाने गलगंड होतो आणि लहान मुलांच्या वाढीवरही त्याचा परिणाम होतो. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून झालेल्या प्रयोगात आयोडिनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दिसले, 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि मध्यंतरी बंदी उठून 2006 पासून पुन्हा, खाण्यासाठी बिनआयोडिनाचे मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे. धोरण योग्यच आहे असे मला वाटते. घरी मीही पुडीतले मीठ वापरते. पण दोन-चार वाफे पिकवणाऱ्याला आयोडिन फवारण्याचे यंत्र परवडत नाही, म्हणून मामाचे मीठ आता मासे खारवायला, बर्फाला आणि माडाच्या आळ्यात घालायला जाते. शिवाय देशातले बहुतांश मीठ गुजरातेत पिकते, लांबच लांब वाफ्यांत यंत्रांनी ओढलेले, आणि वाहतूक धरूनही ते स्वस्त पडते. मुंबईत तर मिठागरांकडे जमीन म्हणूनच पाहिले जाते. 2024 मध्ये मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन घरांच्या बांधकामासाठी देण्याचा निर्णय झाला. मामाच्या मुलाने गोव्यात नोकरी धरली आहे. तो रविवारी येतो, फळी उत्तम चालवतो, सोमवारी जातो. या विषयावर घरात मिठाची गुळणी धरलेली आहे.

‘मीठ’ हा शब्द मूळचा ‘मिष्ट’वरून आला असे सांगतात, म्हणजे गोड. हिंदीत ‘मीठा’ गोडच राहिला. मराठी आणि गुजराती माणसाने मात्र तो उचलून खाऱ्याला दिला. इतक्या मोलाच्या वस्तूला तिच्या खऱ्या चवीने हाक मारू नये असे वाटले असावे. तिन्हीसांजेला मीठ कुणाला देऊ नये, हातावर हात ठेवून देऊ नये, पायाखाली येऊ देऊ नये, अशा सूचनांत माझी आजी वाढली आणि आम्ही वाढलो. त्यातली पायाखालची सूचना मामीला लागू पडत नाही हे मी तिला म्हटले, तर ती म्हणाली, आमच्या पायाखाली येते तोवर ते पाणी असते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी दक्षिणेकडे ढगांची निळी भिंत उभी राहिली आणि बांधावरचे सगळे एकाच वेळी न बोलता भराभर चालू लागले. त्या दिवशी ओढलेले निथळू दिले नाही. तसेच ओले भरले. शेजारच्या घरातली मुले आली, रविवार होता म्हणून मामाचा मुलगा होता, मीही टोपल्या उचलल्या. रास पूर्ण झाली की तिच्यावर आधी गवत, मग माडाची चुडते, वर जुने प्लॅस्टिक आणि दगड. पाऊस आला नाही. ढग गोव्याकडे सरकले. पण मामाने ठरवले की पुरे झाले. दुसऱ्या दिवशी भरतीला त्याने उघाडी वर केली आणि खाडीचे पाणी सगळ्या वाफ्यांवर घेतले, जेणेकरून पावसाचा पहिला मारा चोपलेल्या जमिनीवर थेट न पडता पाण्यावर पडावा. सहा महिने जे एकमेकांपासून वेगळे ठेवले होते ते सगळे तासाभरात एक झाले. पाण्याबरोबर बारीक मासे आत आले. मामा बराच वेळ ते पाहत उभा होता आणि त्याच्या पायांत, हंगामात पहिल्यांदाच, आगराच्या आत वहाणा होत्या.

निघताना मामीने मला पिशवीभर खडे मीठ दिले. हातात दिले नाही; ओट्यावर ठेवले आणि उचल म्हणाली. पुण्याला आल्यावर मी ते कैरीच्या लोणच्याला वापरले आणि उरलेले मातीच्या मडक्यात भरून ठेवले. जुलैमध्ये झड लागली तेव्हा मडक्याच्या तळातून पाणी पाझरू लागले, ओट्यावर चिकट डाग पडला, आणि मला वाटले की मी याही वेळी काहीतरी उघडे टाकले. मामाला फोन लावला. त्याच्याकडे धो धो कोसळत होते, निम्मे बोलणे ऐकू येत नव्हते. मीठ वितळते आहे का, असे मी ओरडून विचारले.

“गळता तां गळांदे,” तो म्हणाला. “कडू जाता. पुढच्या वरसाक खा, मगे सांग.”

मी मडक्याखाली एक वाटी ठेवली आहे. ती दर चार दिवसांनी ओतून टाकते.